तारेवरचा उमेदवार
वर्ध्यात २०१८ साली एक निवडणूक झाली. तीत ना पैसे वाटले, ना दारू. (जिल्ह्यात दारूबंदीच आहे म्हणा!) बहार नेचर फाउंडेशन आणि नगर परिषदेने शहराचा पक्षी मतदानाने ठरवला. पिंगळा, तांबट मागे पडले, नीलपंख निवडून आला. तारेवर बसला की मळकट तपकिरी दिसतो. टोळावर झेप घेतली की पंखांत निळाईच निळाई. दसऱ्याला तो दिसावा म्हणून आपण माना वर करून फिरतो, पण घरटं तो जुन्या झाडाच्या ढोलीत करतो, हे कुणाच्या लक्षात असतं? परवा धुऱ्यावरचा वाळका मोह सरपणाला तोडायला निघालेल्या गड्याला म्हटलं, थांब बाबा, आत नगरसेवक राहतो.