मशिदीची ओळ आणि हौदाचे पाणी

धर्मांतराची चर्चा निघाली की आपल्या वस्त्यांतून आजही एक वाक्य हटकून ऐकू येते : मशिदीत राजा आणि रंक एकाच ओळीत उभे राहतात. ऐकणारा मान डोलावतो; क्वचित कोणी हसून ते उडवून लावतो. परंतु मान डोलावणारा आणि हसणारा, या दोघांनाही मशीद म्हणजे काय, ती कशी बांधतात व तिच्यात काय चालते, हे बहुधा ठाऊक नसते. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारी १९३० पासून पाच वर्षे ज्यांच्या आजा-पणजांनी सत्याग्रह केला, त्यांनी तरी कोणत्याही धर्माच्या इमारतीकडे डोळे मिटून पाहू नये. तिच्या ओळीत जागा कोणाला आणि तिचे पाणी कोणाला, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो आपण मोठ्या किमतीने मिळविलेला आहे.

प्रथम मूळ पाहू. इ. स. ६२२ मध्ये पैगंबर महंमद मक्केहून मदिनेस आले. तेथे जी मशीद उभी राहिली ती कच्च्या विटांची, खजुराच्या खोडांच्या खांबांची आणि झावळ्यांच्या छपराची होती. तिला घुमट नव्हता, मिनार नव्हता. अंगणाच्या कडेला सावलीची एक जागा राखलेली होती. तिला सुफ्फा म्हणत. ज्यांना घरदार नव्हते असे अनुयायी तेथेच राहत. नमाजाची हाक देण्याचे काम ज्याच्याकडे आले तो बिलाल हबशी वंशाचा, मक्केत गुलाम म्हणून राबलेला आणि अबू बक्र यांनी पैसे मोजून सोडविलेला. अरबांमध्ये कुळाचा अभिमान किती प्रखर होता हे ज्याला माहीत आहे, त्यालाच या नेमणुकीचे मोल कळेल. काल ज्याच्या पाठीवर मालकाचा आसूड पडत होता, त्याच्याच आवाजावर कुरैशांच्या प्रतिष्ठित घराण्यांनी प्रार्थनेसाठी उठावे! आपल्या गावगाड्यात असे घडल्याची कल्पना करून पाहावी.

मशिदीच्या रचनेतही हा विचार उतरलेला आहे. देऊळ आत आत जाणारे असते : सभामंडप, अंतराळ, मग गाभारा, आणि प्रत्येक उंबरठ्यावर काही माणसे गाळली जातात. मशिदीला गाभारा नाही. मक्केच्या दिशेची एक लांब भिंत, हिंदुस्थानात ती पश्चिमेची, आणि त्या भिंतीला समांतर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या ओळी, एवढाच तिचा मूळ आराखडा. म्हणूनच प्रार्थनेचा दालनभाग पुष्कळदा खोल असण्यापेक्षा रुंद असतो. भिंतीतील कोनाड्यास मेहराब म्हणतात. त्यात मूर्ती नसते, दिवा लावून पूजा नसते. तो केवळ दिशा दाखवितो. पैगंबरांच्या काळी तोही नव्हता. मदिनेच्या मशिदीची पुनर्बांधणी आठव्या शतकाच्या आरंभी खलिफा वलीद याच्या कारकिर्दीत झाली, तेव्हा तो आला. पुढे उभा राहणारा इमाम हाही जन्मसिद्ध पुरोहित नव्हे. कुराणाचे पठण आणि प्रार्थनेचे नियम जाणणारा कोणीही प्रौढ पुरुष ते काम करू शकतो, असे शास्त्र आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजापूरला अली आदिलशहाच्या कारकिर्दीत जामी मशीद उभारली गेली. तिच्या फरशीवर पुढे दोन हजारांहून अधिक चौकटी आखल्या गेल्या. एका माणसाला एक चौकट, आणि सर्व चौकटी सारख्या मापाच्या. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या माणसाने ती फरशी एकदा अवश्य पाहावी.

एवढ्यावर थांबलो तर मात्र आपण भाट ठरू. ओळीत उभे राहणे राजाला फार काळ मानवले नाही. खलिफा उमर यांच्यावर ६४४ मध्ये मशिदीत नमाजाच्या वेळीच खंजिराचे घाव पडले. ६६१ मध्ये अली यांच्यावर कूफा येथील मशिदीत प्राणघातक हल्ला झाला. त्यानंतर सत्ताधीशांसाठी मेहराबाजवळ जाळीचे बंदिस्त दालन करण्याची प्रथा रूढ झाली. त्याला मकसुरा म्हणतात. निमित्त जिवाच्या भीतीचे होते हे मान्य. परंतु भीती गेली तरी जाळी राहिली. दिल्लीची जामा मशीद शाहजहानने १६५६ मध्ये पूर्ण केली. तिचा पूर्वेकडील दरवाजा बादशहासाठी राखलेला होता. शुक्रवारच्या खुत्ब्यात ज्याचे नाव घेतले जाई तो राजा खरा, असा दंडक शतकानुशतके चालला. अर्थात प्रार्थनेचे व्यासपीठ हे राज्यकारभाराचे दप्तरही बनले. मशीद बांधणाऱ्या राजांनी दुसऱ्यांच्या देवळांचे दगड वापरले, हेही लपविण्याचे कारण नाही. दिल्लीच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या शिलालेखातच सत्तावीस देवळांच्या सामग्रीचा उल्लेख आहे. दौलताबाद किल्ल्यातील १३१८ च्या मशिदीत देवळांचे खांब आहेत, आणि १९४८ नंतर त्याच मशिदीत भारतमातेची मूर्ती बसविण्यात आली. दगडांची ही उलाढाल करणाऱ्या कोणत्याही पक्षाने खांब घडविणाऱ्या पाथरवटाच्या जातीला किती मान दिला, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आता पाण्याकडे वळू. नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुण्याच्या विधीला वजू म्हणतात, आणि त्यासाठी मोठ्या मशिदीत हौद असतो. मुंबईची जामा मशीद १७७५ ते १८०२ या काळात बांधली गेली ती एका जुन्या तलावावरच. तिचा भार तळ्यातून उठलेल्या काळ्या दगडी कमानींवर आहे आणि झऱ्यांनी भरणाऱ्या त्या पाण्यात आजही मासे पोहतात. बाजारातून आलेला हमाल आणि पेढीवरून आलेला शेठ त्याच पाण्यात हात घालतात. ज्यांना चवदार तळ्याचा इतिहास ठाऊक आहे त्यांना हे दृश्य साधे वाटणार नाही.

परंतु याच मुसलमान समाजातील माणसांनी पाण्यावरून काय केले, हेही आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले. महिना रमजानचा होता. प्रवासाने सारे धुळीने माखलेले; किल्ल्याच्या दरवाजाबाहेरील तळ्याच्या पाण्याने काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान, अस्पृश्यांनी तळे बाटविले, अशी ओरड करीत धावत आला. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. तुमचा धर्म हेच शिकवितो काय, आणि यांपैकी कोणी उद्या मुसलमान झाला तर त्याला या तळ्यावर येण्यास मनाई कराल काय, असे बाबासाहेबांनी त्या जमावाला विचारले. जमाव निरुत्तर झाला. किल्ल्यात पाण्याला कोठेही स्पर्श करायचा नाही, या अटीवर त्यांना आत सोडले आणि पाळतीसाठी एक सशस्त्र शिपाई बरोबर दिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

जमाव ज्या प्रश्नावर गप्प बसला त्याचे उत्तर दुसरीकडे सापडते. बंगालच्या १९०१ च्या जनगणनेच्या अहवालात मुसलमानांचे अश्रफ, अजलाफ आणि अर्जल असे थर नोंदले आहेत. अर्जल, म्हणजे हलालखोर, लालबेगी इत्यादी, यांच्याशी इतर मुसलमान संबंध ठेवीत नसत. त्यांना मशिदीत प्रवेश नव्हता आणि सार्वजनिक कबरस्तानात जागाही नव्हती, असे तो अहवाल सांगतो. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी तो मजकूर मुद्दाम समोर ठेवला. कलमा पढला, नाव बदलले, तरी झाडू हातातच राहिला आणि ओळीतील जागा मिळाली नाही! विजापूरच्या फरशीवरील चौकट या माणसाच्या काय कामाची? दोष मशिदीच्या आराखड्यात नाही. आराखडा जे सांगतो ते अंगणाबाहेर पाळायचे नाही, असे ठरविणाऱ्या खानदानी मंडळींत तो आहे.

यात आपला संबंध कोठे येतो? कायद्यात येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख त्यात आले, आणि आपल्याला १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. धर्म बदलल्याने अस्पृश्यतेचे घाव एका रात्रीत बुजत नाहीत, हेच आपण चौतीस वर्षे सांगत होतो. हलालखोर मुसलमान आज नेमके तेच सांगत आहे आणि तो अजून यादीबाहेर आहे. इस्लाममध्ये जात नाही, असे त्याला एकीकडे त्याचेच पुढारी सांगतात. दुसरीकडे सरकारही त्याच वाक्याचा आधार घेते. महाराष्ट्रात मुसलमानांतील मागास जमातींनी चळवळ करून १९९४ मध्ये इतर मागासवर्गीयांच्या सवलती मिळविल्या, ही मोठी गोष्ट झाली. परंतु मैला उचलणाऱ्याचा प्रश्न तिने सुटत नाही. १९९० ची आपली गरज विसरून आज त्याच्या मागणीकडे पाठ फिरविणारे जे काही लोक आपल्यात आहेत, त्यांचे वागणे मला मुळीच समजत नाही.

राहता राहिल्या स्त्रिया. पैगंबरांच्या काळी मदिनेच्या मशिदीत स्त्रिया येत, आणि त्यांना अडवू नये अशी त्यांची शिकवण परंपरेने जपली आहे. हिंदुस्थानातील बहुसंख्य मशिदींत मात्र त्यांना जागाच ठेवलेली नसते. हाजी अली दर्ग्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्त्रियांच्या बाजूने दिला; तथापि तो दर्गा आहे, म्हणजे थडगे, मशीद नव्हे. मशिदीसाठी पुण्याच्या एका दांपत्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर मुस्लिम वैयक्तिक कायदा मंडळाने २०२३ मध्ये प्रतिज्ञापत्रावर कबूल केले की, स्त्रीला मशिदीत नमाज पढण्यास इस्लामची मनाई नाही. पुरुषांत मिसळून मात्र उभे राहता येणार नाही. कागदावर दार उघडले. आपल्या गल्लीतील मशिदीत बाईला वजू करण्यासाठी एक तरी नळ बसविला आहे काय, हे आपल्या बायकांनी शेजारच्या मुसलमान भगिनीला विचारून पाहावे.