फोटोतले हे गृहस्थ कोण?

सप्टेंबर २०१५ मधली सकाळ. मी चहा घेत पेपर चाळत होतो आणि शेजारचे अण्णा नेहमीप्रमाणे आतलं पान मागायला आले होते. एका बातमीत वयस्कर गृहस्थांचा फोटो होता. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "हे कोण ओ?" मी मथळा वाचून दाखवला. बाळ ज. पंडित गेले. अण्णा पायरीवरच बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "असे दिसत होते होय."

ज्या माणसाचा आवाज हजारात ओळखला असता, त्याचा चेहरा अण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. खरं सांगायचं तर मीही कधी नीट पाहिला नव्हता.

नव्या मंडळींसाठी सांगतो. बाळ ज. पंडित पुण्याचे. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, क्रिकेटवर मराठीत पुस्तकं लिहिणारे, आणि आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन करणारे. धावतं वर्णन हा शब्दसुद्धा आता मागे पडला, हल्ली सगळे कॉमेंट्रीच म्हणतात. असो.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घराच्या एका बाजूला माग, दुसऱ्या बाजूला माग. ज्यांनी तो खडखडाट ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. दोन फुटांवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्या आवाजात अण्णांनी ट्रान्झिस्टर खुंटीला टांगलेला असायचा, पूर्ण मोठा करून. मुंबईला टेस्ट असली की मीडियम वेव्हवर खरखर चालायची, स्टेशन निसटायचं, मग कोणीतरी जाऊन ट्रान्झिस्टरचं तोंड फिरवायचं. धोट्यातली कांडी संपली की माग थांबायचा, आणि तेवढ्या अवधीत जे वाक्य ऐकू येईल ते आमचं. त्यातून स्कोअर कळला तर नशीब. नाहीतर "टाळ्या वाजल्या" एवढंच कळायचं आणि पुढच्या कांडीपर्यंत आम्ही पोरं अंदाज बांधत बसायचो. चौकार की झेल?

आमच्या घरात आई सुपात तांदूळ निवडायची. त्यातले खडे आम्ही फरशीवर मांडायचो. हा यष्टिरक्षक, ही पहिली स्लिप, हा फॉरवर्ड शॉर्ट लेगला सोलकर. सोलकरचा खडा नेहमी फलंदाजाच्या नाकाजवळ. मैदान कसं असतं हे आम्ही डोळ्यांनी बघण्याआधी कानानं शिकलो. पुढे पार्क मैदानावर पहिल्यांदा सामना बघायला गेलो तेव्हा सगळं माझ्या खड्यांपेक्षा फार लांब लांब वाटलं होतं आणि जरा निराशाच झाली होती. (पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, १९२६ चा. हे सांगितल्याशिवाय सोलापूरकराचा क्रिकेटवरचा लेख पुरा होत नाही, म्हणून सांगून टाकलं.)

अण्णांच्या घरात तेलुगू. पलीकडच्या घरात कानडी. मराठी ही आमच्या गल्लीत बाजाराची आणि शाळेची भाषा. शाळेनं मराठी शिकवलं ते व्याकरणाचं. पण अण्णांच्या तोंडात 'पायचीत', 'त्रिफळा', 'निर्धाव षटक' हे शब्द शाळेमुळे आले नाहीत, कारण अण्णा चौथीनंतर शाळेत गेलेच नव्हते. ते शब्द खुंटीवरच्या ट्रान्झिस्टरमधून आले आणि मग क्रिकेटबाहेरही पळायला लागले. टॉवेलाची ऑर्डर आली नाही की अण्णा संध्याकाळी सांगायचे, "आज निर्धाव षटक." थोरल्या मुलीला बघायला आलेल्यांनी नकार कळवला तेव्हा म्हणाले होते, "नो बॉल होता, सोडा." यातला कोणता शब्द कोणी पहिल्यांदा काढला यावर वाद घालणारे घालोत. शब्द काढणं एक, आणि तो मागवाल्याच्या जिभेवर बसवणं दुसरं. दुसरं काम जास्त अवघड आहे, आणि ते पंडितांसारख्यांनी केलं.

माझा एक इंग्रजी माध्यमातला मित्र या शब्दांना फार हसायचा. लेग बिफोरला पायचीत म्हणणं म्हणजे क्रिकेटला धोतर नेसवणं, असं त्याचं म्हणणं. मी तेव्हा त्याच्याबरोबर हसलो होतो. त्याची लाज आज वाटते.

असा माणूस गेल्यावर दुसरीकडे काय होतं हे मी पुढे २०२२ मध्ये बातम्यांत पाहिलं. अमेरिकेत विन स्कली नावाचे बेसबॉलचे समालोचक होते. १९५० पासून २०१६ पर्यंत, एकाच डॉजर्स संघाचे ६७ हंगाम. संघ लॉस एंजेलिसला आल्यावर लोक मैदानात बसूनही ट्रान्झिस्टर कानाला लावायचे, म्हणजे डोळ्यांसमोरचा सामना त्यांना स्कलीकडून ऐकायचा असे. २ ऑगस्ट २०२२ ला, ९४ व्या वर्षी, ते गेले. लोकांनी स्टेडियमच्या फाटकाजवळ फुलं ठेवली. त्या रस्त्याला त्यांच्या हयातीतच त्यांचं नाव दिलेलं होतं. आणि मुख्य म्हणजे लोकांनी त्यांचा आवाज पुन्हा लावला. १९७४ मध्ये हँक एरननं ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा स्कली बराच वेळ गप्प राहिले आणि फक्त गर्दीचा आवाज ऐकू दिला, ते मीही त्या आठवड्यात सोलापुरात बसून ऐकलं. बेसबॉलचं मला ओ की ठो कळत नाही, तरी ऐकलं.

तेव्हा मात्र आतून काहीतरी टोचलं. परक्या देशातला, परक्या खेळातला आवाज मला एका मिनिटात मिळाला. पंडितांचा आवाज मी २०१५ मध्ये शोधला होता, नंतरही शोधला. फोटो मिळाला, जन्मसाल मिळालं, पुस्तकांची नावं मिळाली. आवाज मला मिळाला नाही. म्हणजे आम्ही शोक करायचा तो कशाला समोर ठेवून? गायक गेला की रेकॉर्ड लावता येते, नट गेला की सिनेमा. समालोचकाचं सगळं कामच हवेत. ते जपायचं कोणीतरी ठरवावं लागतं, आणि मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना तशी निकड वाटली? तुमच्याकडे कुणाच्या वडिलांनी टेपरेकॉर्डर रेडिओसमोर धरून केलेली एखादी कॅसेट असेल तर फेकू नका. बुरशी धरली असेल तरी फेकू नका.

दोष दुसऱ्यांना देऊन मी सुटत नाही. पुण्याला मी कामानिमित्त वर्षानुवर्षं गेलो. सकाळची हुतात्मा पकडायची, संध्याकाळी परत. त्यात एकदा पत्ता काढून भेटावं, निदान एक पोस्टकार्ड टाकावं, की सोलापुरात मागाच्या आवाजात तुम्हाला ऐकलं... हे सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि राहिलं.

आता पुन्हा मराठीत कॉमेंट्री येते. २०२३ मध्ये आयपीएलची मोबाईलवर आली तेव्हा आनंद झाला, आणि मुलं चांगली बोलतात, विनोद करतात. अण्णांचा नातू ती लावतो. अण्णांना आता स्क्रीनवरचं फारसं दिसत नाही, ते पूर्वीसारखेच तोंड दुसरीकडे करून ऐकतात. परवा मी तिथं बसलो होतो. मोबाईलमधून "क्या बात है, काय फटका!" असा गलका झाला.

"कुठं मारला?" अण्णांनी विचारलं.

"दिसतंय की ताता, बघा ना," नातू म्हणाला.

अण्णा माझ्याकडे वळले. मी सांगितलं, मिडविकेटला, क्षेत्ररक्षकाच्या डावीकडून, दोन धावा.