विश्लेषण : करोनाकाळात मोकळ्यावर धावणे कितपत सुरक्षित?

राज्यात ७ जून २०२१ पासून पाच स्तरांनुसार निर्बंध शिथिल होऊ लागले आणि मैदाने, चौपाट्या पुन्हा धावणाऱ्यांनी गजबजल्या. यात दुसऱ्या लाटेत करोनाची बाधा होऊन नुकतेच बरे झालेलेही अनेक जण होते. त्यामुळे प्रश्न केवळ परवानगीचा नव्हता, काळजीचाही होता.

नियम काय होता?

बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या किती खाटा भरल्या आहेत, यावर जिल्ह्याचा किंवा महापालिकेचा स्तर ठरत असे. पहिल्या दोन स्तरांत मैदानांवर वेळेचे बंधन नव्हते. तिसऱ्या स्तरात रोज पहाटे ५ ते सकाळी ९, तर चौथ्या स्तरात हीच वेळ, पण शनिवार-रविवार बंद. मुंबईची सुरुवात तिसऱ्या स्तरातून झाली. त्याआधी २०२० मध्ये ३ जूनपासून पहाटे ५ ते सायंकाळी ७ अशी १४ तासांची मुभा होती. २०२१ मध्ये चारच तास असल्याने तेवढ्या वेळात एकाच ठिकाणी गर्दी होण्याची शक्यता वाढली.

मोकळ्या हवेत धोका कमी का?

श्वासातून बाहेर पडणारे थेंब आणि सूक्ष्म कण बंद खोलीत साठून राहतात. उघड्यावर वारा ते पांगवतो. शेजारून क्षणात निघून जाणाऱ्या धावपटूपासून त्यामुळे धोका फार कमी. मात्र, धाप लागलेल्या अवस्थेत घोळक्याने थांबून गप्पा मारणे, एकाच बाटलीतून पाणी पिणे किंवा मैदानापर्यंत काचा बंद केलेल्या गाडीतून एकत्र जाणे यात धोका अधिक आहे.

अंतर किती ठेवावे?

एप्रिल २०२० मध्ये बेल्जियम व नेदरलँड्समधील संशोधकांनी संगणकीय प्रारूपाद्वारे थेंबांचा प्रवास तपासला. वारा नसताना चालणाऱ्याच्या मागे सुमारे ५ मीटर, तर वेगाने धावणाऱ्याच्या मागे सुमारे १० मीटर अंतर त्यांनी सुचवले. त्यात संसर्गाची शक्यता मोजलेली नव्हती, त्यामुळे तो अंतिम निकष नव्हे. पण एखाद्याच्या थेट मागे धावण्याऐवजी बाजूने, अंतर राखून धावावे, एवढे त्यातून नक्की घेता येते.

मास्कचे काय?

व्यायाम करताना मास्क वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घामाने तो ओला होतो आणि श्वास घेणे जड जाते. आपल्याकडे मात्र २०२१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी मास्क बंधनकारक होता. मुंबईत तेव्हा २०० रुपये दंड होत असे. मास्क लावून धावायचे असेल तर वेग कमी ठेवावा आणि एक कोरडा मास्क जवळ बाळगावा. पावसाळ्यात तर तो हवाच. दम कोंडू लागला, तर गर्दीपासून दूर जाऊन थांबावे.

बरे झालेल्यांनी कधी सुरुवात करावी?

सर्वांत मोठी चूक होते ती इथे. करोनाचा परिणाम हृदयाच्या स्नायूंवरही होऊ शकतो आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या मार्गदर्शनानुसार, किमान सात दिवस कोणतेही लक्षण नसेल तरच सुरुवात करावी आणि पहिले दोन आठवडे अगदी हलकी हालचाल ठेवावी. रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल किंवा हृदयावर परिणामाची शंका असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखणे, धडधड, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवल्यास लगेच थांबावे.

मग काय करावे?

घराजवळचा, कमी वर्दळीचा रस्ता निवडावा. एकट्याने किंवा घरातल्याच व्यक्तीसोबत धावावे. पाण्याची बाटली स्वतःची असावी. ताप, खोकला किंवा अंगदुखी असेल, तर त्या दिवशी घरीच थांबावे. २०२१ मध्ये निर्बंधांच्या स्तराचा आढावा दर आठवड्याला होत असे, म्हणून बाहेर पडण्याआधी आपल्या भागातील ताजा आदेश पाहून घ्यावा लागे.