संघासोबत ‘कुणीतरी बाई’

आपल्या लेकींच्या कॉलेजचा मुलींचा संघ बाहेरगावी स्पर्धेला निघतो, तेव्हा सोबत दोन मोठी माणसं असतात. एक जिमखान्याचे सर. आणि दुसरी ‘कुणीतरी बाई’. हे ‘कुणीतरी बाई’ प्रकरण मला गेली काही वर्षं फार खटकतं आहे. संघाच्या कागदावर तिच्या नावापुढे ‘सहायक प्रशिक्षक’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती मराठीची, गृहशास्त्राची नाहीतर ग्रंथालयातली मॅडम असते. मुली आहेत, बाई सोबत हवी, म्हणून आदल्या दिवशी सांगून पाठवलेली. घरात लहान मूल सासूच्या गळ्यात टाकून बिचारी पहाटेची एस.टी. पकडते. तिला खेळातलं काही कळत नाही यात तिचा काय दोष? तिला शिकवलंय कुणी, विचारलंय कुणी?

दोष आहे तो सहायक म्हणजे ‘कुणीही चालेल’ या समजुतीचा. मुख्य प्रशिक्षकाबद्दल निदान चर्चा तरी होते. सर चांगले आहेत, सर कडक आहेत, सरांचं लक्ष मुलांच्या संघाकडेच जास्त आहे, वगैरे. त्यांच्या शेजारी बाकावर बसणाऱ्या माणसाची गुणवत्ता मात्र कुणी तपासतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, टेंभुर्णीत बसून बास्केटबॉलच्या गप्पा कशाला? आपल्याकडे ऊस, उजनीचं पाणी, एमआयडीसी, आणि खेळ म्हटलं की कबड्डी, खो-खो नाहीतर कुस्ती. खरं आहे. पण २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या मोठ्या पसाऱ्यात होती. आता निवड चाचणीला सोलापूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, त्यामुळे लहान गावातल्या पोरीही वेगवेगळ्या खेळांकडे वळू लागल्या. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. शिवाय शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, हेही त्यांना पाठ असतं. म्हणजे तिकडे आपण ‘खेळ’ म्हणतो, तिकडे पोरगी नोकरी बघत असते.

मी आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर बाहेरची सदस्य म्हणून काही वर्षं होते. २०१३ चा कायदा आणि २०१५ ची यूजीसीची नियमावली यांमुळे अशा समितीवर सामाजिक काम करणारी एक बाहेरची व्यक्ती घ्यावी लागते. त्या निमित्ताने मुलींशी ओळखी झाल्या, आणि एकदा त्यांच्या आग्रहाखातर त्यांचा बास्केटबॉलचा सामना बघायला गेले. मुली बरोबरीने लढत होत्या. तिसऱ्या डावात एक उंच पोरगी उडी मारून खाली आली आणि गुडघा धरून बसली. सर तिला घेऊन दवाखान्यात गेले. जाणारच, त्यात चूक काही नाही. मागे राहिल्या मॅडम, दहा-बारा पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या.

इथे खेळाचा एक नियम सांगते, कारण तो मला नंतर एका पंचांनी समजावून सांगितला आणि मी थक्क झाले. बास्केटबॉलमध्ये टाइम-आऊट, म्हणजे एका मिनिटाची विश्रांती, मागायचा अधिकार मुख्य प्रशिक्षक आणि पहिला सहायक या दोघांनाच असतो. पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन. मुख्य प्रशिक्षक काही कारणाने नसेल तर त्याचे सगळे अधिकार सहायकाकडे येतात. म्हणजे त्या क्षणी आमच्या मॅडम संघाच्या सर्वेसर्वा होत्या, आणि हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं! समोरच्या संघाने लागोपाठ बास्केट केल्या, आमच्या पोरी गोंधळून एकमेकींवर ओरडायला लागल्या. एक मिनिट त्यांना जवळ घेऊन कुणी बोललं असतं तरी सावरल्या असत्या. सगळ्यात चांगल्या खेळाडूचे चार फाउल झाले होते. पाचव्याला ती बाहेर जाणार. थोडा वेळ तिला बसवून ठेवायचं, हे जाणत्या सहायकाने लगेच ओळखलं असतं. मोजायलाच कुणी नव्हतं. पाचवा फाउल झाला आणि ती रडत बाहेर आली. मॅडमनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्यांना जे येत होतं ते त्यांनी मनापासून केलं.

सामना हरल्या त्याचं मला एवढं काही नाही. हारजीत चालायचीच. पण ती गुडघा धरून बसलेली पोरगी? लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशनचा खर्च ऐकून वडील गप्प झाले, आई म्हणाली, ‘पुरे झाला खेळ, आता स्थळं बघा.’ पुढच्या वर्षी ती कॉलेजात दिसली नाही.

गुडघ्याचं हे दुखणं मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. बास्केटबॉल, फुटबॉलसारख्या उड्या आणि अचानक वळणं असलेल्या खेळांत तर फारच. आणि ते बऱ्याच अंशी टाळताही येतं. उडीनंतर गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, गुडघे आत न झुकवता जमिनीवर यायचं. मांड्या आणि कंबरेच्या स्नायूंचा रोज व्यायाम करायचा. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं नीट अंग तापवायचं. यात महागडं यंत्र काही नाही. लागतं ते रोज मैदानावर उभं राहून एकेकीच्या पायांकडे बघणारं माणूस. मुख्य सर डावपेच बसवत असतात, त्यांच्या डोक्यावर पाच खेळांचे संघ असतात, परीक्षेची कामं असतात, युवक महोत्सव असतो. हे बघणं सहायकाचं काम. चेंडूचंच घ्या. मुलींच्या सामन्याला सहा नंबरचा, जरा लहान चेंडू असतो, मुलांना सात नंबरचा. मी पाहिलेल्या मुली वर्षभर मुलांच्या जुन्या, घासून गुळगुळीत झालेल्या सात नंबरच्या चेंडूवर सराव करत होत्या. सामन्याच्या दिवशी हातात वेगळाच चेंडू. हे बोलायला कुणीतरी नको का?

आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या पोरी सकाळी चहा-बिस्किटावर घराबाहेर पडतात, दुपारी डबा, आणि पाच वाजता मैदानावर पळतात. ‘ही आळशी आहे, दमते लवकर’ असं सर म्हणतात. ती आळशी नसते, तिचं हिमोग्लोबिन आठ असतं. पाळीच्या दिवसांत पोट दुखत असेल तर ती सरांना सांगणार नाही, काहीतरी खोटं कारण काढून घरी राहील, आणि मग ‘अनियमित’ म्हणून संघातून नाव जाईल. तिथे खेळ कळणारी बाई असती, तर हे दोन मिनिटांत सुटलं असतं.

अमेरिकेतल्या पॅट समिट या बाईंची गोष्ट मला यासाठी आवडते. १९७४ मध्ये, बावीस वर्षांच्या असताना, टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची सूत्रं त्यांच्याकडे आली. महिना अडीचशे डॉलर पगार. मुलींचे कपडे त्याच धूत, गाडीही त्याच चालवत. पुढे त्यांनी आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं आणि १०९८ सामने जिंकले. पण पहिलं अजिंक्यपद कधी आलं ठाऊक आहे? १९८७ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८५ मध्ये, मिकी डेमॉस आणि हॉली वॉर्लिक या दोन सहायक त्यांना मिळाल्या होत्या. डेमॉस गावोगावच्या गुणी मुली हेरण्यात पटाईत, आणि वॉर्लिक त्याच विद्यापीठाची जुनी खेळाडू. ही वॉर्लिक थोडीथोडकी नाही, सत्तावीस वर्षं सहायक राहिली. २०११ मध्ये समिट यांनी आपल्याला स्मृतिभ्रंशाचा आजार झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो अखेरचा हंगाम वॉर्लिकनेच बराचसा पेलला आणि २०१२ मध्ये ती मुख्य प्रशिक्षक झाली. बाकावर जाणतं माणूस होतं म्हणून संघ उघड्यावर पडला नाही.

त्याच देशातली दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७२ मध्ये तिकडे मुलींच्या खेळाला समान संधी देणारा कायदा झाला, तेव्हा कॉलेजच्या मुलींच्या संघांपैकी दहातल्या नवांच्या प्रशिक्षक बाया होत्या. कायद्यामुळे पैसा आला, पगार वाढले, आणि हळूहळू त्या जागांवर पुरुष आले. आता निम्म्याहूनही कमी जागांवर बाया आहेत. फुकटात होतं तोवर बाईचं, पगार लागला की पुरुषाचं. स्वयंपाकाचं नाही का तसंच? घरात आपण, आचारी म्हणून तो!

म्हणून सहायक बाईच हवी, एवढंच माझं म्हणणं नाही. परवाच्या विश्वचषकाचं उदाहरण आहेच. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार, गोलंदाजीला आविष्कार साळवी, क्षेत्ररक्षणाला मुनीष बाली. सगळे पुरुषच. अंतिम सामन्यात अमनजोत कौरने थेट फेकीवर धावबाद केलं आणि शतकवीर वोल्वार्टचा हातातून निसटता निसटता झेल पकडला, तेव्हा आपण सगळ्या टीव्हीसमोर ओरडलो. त्या झेलामागे रोजचा सराव असतो, आणि तो घेणारं माणूस आपल्या कामात मुरलेलं असतं. काम येणं महत्त्वाचं. बाई आणि जाणकार असे दोन्ही गुण एका व्यक्तीत मिळाले तर सोन्याहून पिवळं.

सोबत बाई असावी हा आग्रह मात्र सोडता येणार नाही. २०२२ मध्ये परदेशात गेलेल्या एका सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकात महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे असं बंधन राष्ट्रीय संघटनांना घातलं. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, जंतरमंतरवर कुस्तीगीर मुली बसल्या होत्या, ते आपण पाहिलं. पण त्या नियमातही शब्द ‘महिला प्रशिक्षक’ असा आहे. सोबतीण, राखणदारीण असा नाही. नुसती राखण करायला पाठवलेल्या बाईला सर विचारत नाहीत, मुलीही जुमानत नाहीत, आणि वेळ आली तर तिच्या शब्दाला वजन राहत नाही. खेळातला तिचा अधिकार सगळ्यांनी मान्य केला असेल, तर मुलीही तिच्याकडे मन मोकळं करतील.

मग अशी बाई आणायची कुठून? अहो, ती आपल्या गल्लीत आहे. विद्यापीठाकडून खेळलेल्या, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या किती सुना टेंभुर्णी, कुर्डुवाडी, माढा, अकलूजला नांदताहेत! पदकं माहेरच्या कपाटात, आणि या इथे शिकवण्या घेताहेत नाहीतर शिवणकाम. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग असतो. वर्षाची पदविका करायला संसारातून निघणं अवघड, पण सहा आठवडे जमू शकतात. मला ठाऊक असलेली एक अशी सून रोज संध्याकाळी दोन तास यायला तयार होती. कॉलेजने तिला देऊ केलेलं मानधन पेट्रोललाही पुरलं नसतं. सासूबाई म्हणाल्या, ‘फुकटच पळायचं तर घरी काय कमी पळतीस?’ मला त्या सासूबाईंचा राग आला नाही. त्यांचा हिशेब बरोबर होता.

पैसा नाही, हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. शासनमान्य पद एकच आहे, तेही कित्येक ठिकाणी रिकामं, हे मान्य. पण प्रत्येक मुलीच्या फीच्या पावतीवर ‘जिमखाना’ असा एक रकाना असतो. त्या पैशाचं होतं काय? ट्रॅकसूट येतात, त्यावर संस्थेचं नाव छापून येतं, फोटो पेपरात येतो. एका वर्षाचे ट्रॅकसूट साधे घेतले तरी सहायकाच्या हंगामभराच्या मानधनाला हातभार लागेल, असा माझा अंदाज आहे. काही सरांना दुसरं जाणतं माणूस शेजारी नको असतं, हेही कारण असतं बरं का. ते कुणी बोलून दाखवत नाही एवढंच.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. मुलीबरोबर फी भरायला गेलात, तर त्या ‘जिमखाना’ रकान्यावर बोट ठेवून खिडकीतल्या क्लार्कला नव्हे, प्राचार्यांना विचारा की मुलींच्या संघाची सहायक कोण आहे, ती कुठला खेळ खेळली आहे आणि तिला महिना किती देता.