बंद धुराड्यांचा हिशेब

मार्च-एप्रिल उलटला की साखर कारखान्याचे धुराडे थंडावते. गव्हाणीत पडणारी मोळी थांबते, ऊसतोडीच्या टोळ्या बीडची वाट धरतात आणि कोट्यवधींची यंत्रसामग्री पुढच्या दिवाळीपर्यंत निःशब्द उभी राहते. त्या यंत्रांवरील कर्जाचे व्याज मात्र बाराही महिने धावत असते.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना उभारला, तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. त्या पैशाची जाण पुढे कितपत राहिली? ऊस तेवढाच असताना गाळपक्षमता वाढवत नेली, म्हणजे हंगाम आखडतो, हे साधे गणित आहे. पाऊस, तोडणी मजुरांची टंचाई ही कारणेही असतात. पण २०२४-२५ च्या हंगामात राज्यातील अनेक कारखाने शंभर दिवसही चालले नाहीत, यात या हव्यासाचा वाटा निश्चित आहे. हंगाम लवकर संपला की मुकादमाकडून घेतलेली उचल मजुराच्या अंगावर राहते. व्याजाने वाकलेला कारखाना एफआरपीचे चौदा दिवसांचे कायदेशीर बंधन पाळताना धापा टाकतो. अशा वेळी नव्या मिलचे भूमिपूजन कशासाठी, कुणास ठाऊक!

खरी संपत्ती दारातच पडून आहे. गाळलेल्या उसाच्या वजनाचा पाव हिस्सा किंवा थोडा अधिक चिपाड म्हणून उरतो. ते राखून ठेवले, तर बॉयलर आणि टर्बाइन हंगामानंतरही चालतात. मळी संपली की आसवनी थांबते. तिला मका व खराब धान्य वापरण्याची जोड दिली, तर तीच वाफ, तीच वीज, तेच कामगार उपयोगी पडतात. सहकारी कारखान्यांच्या अशा रूपांतरासाठी केंद्राने मार्च २०२५ मध्ये व्याज सवलतीची योजना जाहीर केली. वार्षिक सहा टक्के किंवा निम्मे व्याज, यांतील जे कमी असेल ते केंद्र सोसते. मात्र मक्यावर कोंबडीखाद्य व्यवसायही अवलंबून आहे आणि त्याचा भाव कारखान्याच्या हाती नसतो. परिसरात मका पिकत नसेल, तर केवळ सवलत आहे म्हणून नवे कर्ज काढणे हा जुन्याच चुकीचा दुसरा अंक ठरेल.

सप्टेंबरातील वार्षिक सभेत अहवालाची पाने उलटतात, जेवण होते आणि सभासद घरी जातो. त्या अहवालात गाळप, उतारा, साखरेची पोती सारे असते. मिल, टर्बाइन आणि आसवनी प्रत्येकी किती दिवस चालली, किती दिवस बंद राहिली, हा तक्ताही संचालकांनी त्याच अहवालात छापावा.