सॉफ्टवेअरमधलं रंगीत चित्र म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट नव्हे

मेटल थ्रीडी प्रिंटिंगचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय: "सर, पार्ट किती मजबूत होणार हे आता कॉम्प्युटरच सांगतो ना? मग टेस्टिंगवर खर्च कशाला?"

माझं मत स्पष्ट आहे. सिम्युलेशन जरूर शिका, पण तेवढ्याच भरवशावर कस्टमरला ताकदीचा शब्द देऊ नका.

फाउंड्रीत काम केलेल्यांना ठाऊक आहे, धातू किती वेगाने थंड होतो त्यावर त्याचे आतले ग्रेन ठरतात आणि ग्रेनवर ताकद. इथे लेझर पावडरचा साधारण 30 ते 60 मायक्रॉनचा थर वितळवतो. तो सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड होतो, आणि वरचा थर आला की पुन्हा तापतो! ग्रेड 5 टायटॅनियम यामुळे कडक होतं, पण ताणलं की लवकर तुटतं. म्हणून नंतर हीट ट्रीटमेंट. शिवाय ग्रेन थर ओलांडून उभे वाढतात. उभा छापलेला आणि आडवा छापलेला पार्ट सारखाच वागेल असं धरून चालू नका.

मॉडेल आधी तापमान काढतं, त्यावरून ग्रेन, त्यावरून ताकद. पहिल्या पायरीला चुकलं की चूक शेवटपर्यंत जाते. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन संस्थेने 2018 मध्ये 'एएम-बेंच' घेतलं: पार्ट छापून मोजायचे, आकडे झाकून ठेवायचे आणि मॉडेलवाल्यांना म्हणायचं, सांगा बघू. 2022 मध्ये पुन्हा घेतलं. इतक्या मोठ्या लोकांना परीक्षा द्यावी लागते, तर आपण कोण?

आणि आत राहिलेलं एखादं बारीक छिद्र? वारंवार लोड येणाऱ्या पार्टमध्ये चीर तिथूनच सुरू होऊ शकते.

मग सिम्युलेशनचा उपयोग काय? पार्ट कुठे वाकेल, सपोर्ट कुठे द्यायचा, हे आधी कळतं. फुकट जाणाऱ्या ट्रायल कमी होतात, महाग पावडर वाचते. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा ते शिकणं परवडतं.

कोटेशन देताना एक करा. त्याच प्लेटवर उभे आणि आडवे टेस्ट बार छापा, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये टेन्साइल टेस्ट करून घ्या, आणि हा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. कस्टमर म्हणेल, ही ओळ काढा. नमुना म्हणून टेबलावर ठेवायचा पार्ट असेल तर खुशाल काढा. लोड घेणाऱ्या जागी बसणार असेल, तर ती ऑर्डर सोडून द्या.