पदवीधर शिपाई आणि पांढरपेशांचा उपदेश

गेल्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरात एका सत्कार-सभेस आम्ही हजर होतो. वक्ते मोठे शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ होते. तरुणांना उपदेश करण्याच्या भरात ते म्हणाले, ‘आमच्या मराठवाड्याची पोरे बी. ए. होतात, बी. कॉम. होतात, आणि तरीही पलटणीत शिपाईच राहतात. वर चढावे असे त्यांस वाटतच नाही. महत्त्वाकांक्षा म्हणून काही चीज असते, ती या मातीत उगवतच नाही!’ टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या शेजारी सुट्टीवर आलेला कन्नड तालुक्यातला एक हवालदार बसला होता. बी. ए., नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा. त्याने टाळी वाजविली नाही आणि उठून उत्तरही दिले नाही. अंगी मुरलेली शिस्त ती! पण आम्ही काही पलटणीत नाही, तेव्हा उत्तर देण्याची मोकळीक आम्हांस आहे, आणि ती आम्ही घेत आहो.

प्रथम हिशेबच करू. आकडेमोड ही आमच्या लोकांना येत नाही, असा जुना समज आहे, म्हणून जरा सावकाश करू. जुन्या भरतीने अठराव्या वर्षी दाखल झालेला मुलगा पंधरा वर्षे नोकरी केली की निवृत्तिवेतनास पात्र होतो, म्हणजे वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. त्याच्या घरी कोरडवाहू चार एकर, बहिणीचे लग्न बाकी, बापाच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज. आता त्याने पदवी मिळविली आणि अधिकारी होण्याचे मनात आणले. ‘सी. डी. एस.’ या परीक्षेने डेहराडूनच्या अकादमीत जावे, तर वयाची मर्यादा चोवीस, आणि उमेदवार अविवाहित हवा. पोस्टाने धडे मागवून, पहारा संपल्यावर कंदिलाखाली नव्हे तर आता मोबाईलच्या उजेडात वाचून, सुट्टीत येऊन पेपर देऊन जो बी. ए. होतो, तो कितव्या वर्षी होतो? चोवीस उलटून गेल्यावर! आणि गावात तेविसाव्या वर्षी पोराचे लग्न न लावणारा बाप आम्हांस दाखवा, आम्ही त्याचा फोटो पहिल्या पानावर छापू. अल्पमुदतीची कमिशन घ्यावी, तर दहा किंवा चौदा वर्षांनी घरी, निवृत्तिवेतन नाही. शिपायास पंधरा वर्षांनी जे मिळते ते या अधिकाऱ्यास चौदा वर्षांनीही मिळत नाही. पगार अधिकाऱ्याचा मोठा, यात शंका नाही. सातव्या वेतन आयोगाने शिपायाचा मूळ पगार २१,७०० आणि लेफ्टनंटचा ५६,१०० धरला आहे. पण ज्याच्या मागे चार माणसांचे पोट आहे, तो मोठ्या पगाराची अनिश्चित वाट आणि लहान पगाराची खात्रीची भाकर यांतून भाकर निवडतो. यास महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणणाऱ्याने आधी आपले स्वतःचे निवृत्तिवेतन सोडून दाखवावे.

आता कोणी म्हणेल, पलटणीतूनच वर जाण्याची वाट आहे की! आहे. आर्मी कॅडेट कॉलेज म्हणतात त्यास. १९२९ साली नौगाव येथे किचनेर कॉलेज या नावाने ते निघाले, १९६० मध्ये पुण्यास नव्या नावाने आले आणि १९७७ पासून डेहराडूनास आहे. दोन वर्षे नोकरी झालेला, वीस ते सत्तावीस वयाचा शिपाई त्यासाठी अर्ज करू शकतो. शिक्षणाची अट बारावीची. आणि तेथे गेल्यावर काय? तीन वर्षे पदवीचाच अभ्यास! आमचा हवालदार पदवी घेऊन त्या दाराशी गेला तर पदवीचा उपयोग शून्य, आणि वय मात्र वाढलेले. वय अधिक झालेल्यांसाठी याहून निराळ्या वाटाही आहेत, पण त्या अरुंद आहेत आणि त्यांचा पत्ता तालुक्याच्या गावी कोणी सांगत नाही. पदवी असलेला शिपाई अशा रीतीने दोन्ही घरचा पाहुणा ठरतो.

यापुढचा अडसर इंग्रजीचा. त्याविषयी आमचे पांढरपेशे मित्र कधी बोलत नाहीत, कारण तो अडसर त्यांच्या अंगणात नाही. लोकसेवा आयोगाचे सी. डी. एस. चे पेपर इंग्रजीत आणि हिंदीत निघतात. मराठीत निघत नाहीत. शिवाय इंग्रजीचा एक स्वतंत्र पेपर आहेच. तो पार केला तर पुढे निवड मंडळाची पाच दिवसांची परीक्षा. तेथे पडद्यावर एकामागून एक साठ शब्द दाखवितात, आणि प्रत्येकास पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहावयाचे. सिल्लोडच्या झेड. पी. शाळेत शिकलेला मुलगा शब्द वाचतो, मराठीत उलथवितो, मराठीत वाक्य जुळवितो, पुन्हा इंग्रजीत पालटतो. तोवर दुसरा शब्द पडद्यावर आलेला असतो. मग गटचर्चा. शहरातल्या शाळेतले आठ मुलगे एकदम बोलू लागतात आणि हा शांत बसतो. मंडळाचे लोक लिहितात, ‘पुढाकार नाही.’ अहो, सियाचेनच्या बर्फात, राजौरीच्या जंगलात रात्रीच्या गस्तीवर दहा माणसे जिवंत परत आणणाऱ्यात पुढाकार नाही! अडथळे ओलांडण्याच्या आणि ओंडके-दोर घेऊन ओढा पार करण्याच्या कसोटीत हाच मुलगा सर्वांच्या पुढे असतो, हेही आम्ही ऐकले आहे. पण अडतो तो बोलण्यात.

आम्ही मंडळास पक्षपाती म्हणत नाही. अधिकाऱ्यास देशभरच्या जवानांशी आणि कागदपत्रांशी काम पडते, त्यास इंग्रजी लागते, हे आम्ही जाणतो. आमची तक्रार ही, की इंग्रजी शिकविण्याची सोय ज्यांच्या हाती होती, त्यांनी ती कोणास दिली?

येथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी माणसास राजाची कमिशन मिळतच नसे. सुभेदार-मेजर म्हणजे आकाश. त्यापुढे गोरा सबाल्टर्न, कालच विलायतेहून आलेला. साताऱ्याजवळच्या आपशिंग्याने, ज्यास लोक आजही ‘आपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, त्या युद्धात ४६ माणसे दिली. त्यांतला एकही अधिकारी होऊ शकला नसता, कितीही शूर असता तरी. कायदाच तसा होता. १९१८ पासून सँडहर्स्टला वर्षास दहा हिंदी मुलांची सोय झाली, पण ती संस्थानिकांच्या आणि जहागीरदारांच्या पोरांस परवडणारी. १९३२ साली डेहराडूनला अकादमी निघाली, तेव्हा पहिल्या तुकडीच्या ४० जागांपैकी १५ जागा पलटणीतल्या शिपायांतून भरावयाच्या ठरल्या होत्या. इंग्रज सरकारने केले ते आमच्या प्रेमापोटी केले नाही; पण चाळिसांत पंधरा हे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे. दुसऱ्या युद्धात मराठा पलटणीने इटलीत दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले: १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांनी, १९४५ मध्ये शिपाई नामदेव जाधव यांनी. हुद्दे पाहा! नाईक आणि शिपाई.

महार बांधवांची कथा तर याहून कडू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरतीच बंद झाली. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये अर्ज केला तो सेनापतीच्या हुद्द्यासाठी नव्हे, नुसत्या शिपाईगिरीच्या परतीसाठी. महार पलटण उभी राहावयास १९४१ उजाडले. आणि पलटणीने त्या समाजास काय दिले होते? सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते; लष्करात शिपायांच्या मुलाबाळांस शिक्षण मिळे म्हणून त्या घरात अक्षर शिरले. त्याच सुभेदाराच्या मुलाने १९५० मध्ये याच शहरात महाविद्यालय काढले, जे आज मिलिंद म्हणून उभे आहे. तेव्हा ‘नुसता सुभेदार’ असे नाक मुरडून म्हणणाऱ्यांनी जपून बोलावे.

मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. १९२३ साली निघालेले सरकारी इंटरमीजिएट कॉलेज हे या शहरातले पहिले. तेथे शिक्षण उर्दूतून. विद्यापीठ आले १९५८ मध्ये. कुणब्याच्या, धनगराच्या, वंजाऱ्याच्या घरी पदवी आली ती एक पिढी आधी, कोठे कोठे याच पिढीत. ज्याच्या आज्याने सही अंगठ्याने केली, त्याच्या नातवास पहिल्या फटक्यात कर्नल का होत नाहीस, असे विचारणे म्हणजे काल पेरलेल्या तुरीस आज शेंगा मागणे.

आणि एक गोष्ट आमच्या हवालदाराने सभा सुटल्यावर चहाच्या टपरीवर सांगितली, ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तो म्हणाला, ‘साहेब, खरं सांगू? मला जमलं असतं का नसतं, माहीत नाही. पण माझ्या सेक्शनमधली पोरं माझी आहेत. कोणाची आई आजारी, कोणाचं शेत बांधावरून अडकलंय, सगळं मला ठाऊक. पोरं मला हवालदारसाहेब म्हणतात, पण रडायला माझ्याकडेच येतात. पदवी घेतली ती मुलीला शिकवता यावं म्हणून.’ यास कोणी समाधानी वृत्ती म्हणेल, कोणी भित्रेपणा. आम्ही एवढेच म्हणतो की हा माणूस आपल्या जागी का आहे, हे त्याला पुरते माहीत आहे. सभेतल्या वक्त्यांस ते माहीत नव्हते.

परंतु आपल्याच लोकांस मोकळे सोडावे, असा आमचा रिवाज नाही. जालना रोडने, पैठण रोडने, वैजापूरकडे जाताना पाट्या मोजा. ‘पोलीस भरती, सैन्य भरती, हमखास निवड.’ सोळाशे मीटर धावण्याची तयारी करून देणारी अकादमी गावोगाव, सी. डी. एस. ची इंग्रजी शिकविणारी अकादमी मात्र शोधावी लागते. या अकादम्यांचे मालक कोण? बहुतेक आपलेच. शिक्षणसंस्था कोणाच्या? त्याही बहुतेक आपल्याच, आणि त्यांचे अध्यक्ष आमदार-खासदारही आपलेच. सरकारने १९७७ साली याच शहरात एस. पी. आय. काढली, अधिकारी-वर्गात महाराष्ट्राची मुले कमी पडतात म्हणूनच काढली. तेथून मुले खडकवासल्यास जातात आणि नाव काढतात. त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. पण ती दहावीनंतरच्या निवडक मुलांसाठी. पदवीच्या तिसऱ्या वर्षात बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलासाठी तालुक्याच्या महाविद्यालयात काय आहे? एन. सी. सी. चा गणवेश आणि पंधरा ऑगस्टची परेड. सभागृहास वडिलांचे नाव देण्यास पैसा निघतो, इंग्रजी बोलावयास शिकविणारा एक मास्तर ठेवण्यास निघत नाही!

आणि आता तर प्रश्नच उलटला आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. त्याच वर्षी ऑगस्टात येथल्या विद्यापीठाच्या मैदानावर भरती झाली, तेव्हा रात्री फुटपाथावर झोपलेली पोरे या शहराने पाहिली. जाहीर झालेला नियम असा की चार वर्षांनी फार तर शेकडा पंचवीस जणांस कायम करावयाचे, बाकीच्यांस सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी देऊन निरोप, निवृत्तिवेतन नाही. पदवीधर शिपाई पलटणीत का राहतो, असे आमचे विद्वान वक्ते विचारतात. ज्याच्या खात्रीच्या भाकरीचा हिशेब आम्ही वर मांडला, ती भाकरच या नव्या मुलांच्या ताटातून उचलली गेली आहे. त्यांस राहावेसे वाटले तरी चारांतल्या तिघांस राहता येणार नाही. मग हा बावीस-तेवीस वर्षांचा, अंगात शिस्त असलेला मुलगा गावी येईल. तेव्हा त्याच्या हाती पदवी असेल तर तो सी. डी. एस. च्या वयात बसतो! ही एकच फट उघडी आहे. त्या फटीतून त्यास आत ढकलण्याची तयारी कोणी केली आहे काय?

म्हणून आमचे मागणे संस्थाचालकांपाशी आहे, सरकारकडे नंतर जाऊ. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, गंगापूर, पैठण या पाच गावांतल्या महाविद्यालयांनी संध्याकाळी दोन तास वर्ग चालवावा: इंग्रजी, गणित, आणि आठवड्यातून एकदा गटचर्चा. शिकविण्यास निवृत्त अधिकारी आणि सुभेदार या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. वर्ग पलटणीतून सुट्टीवर आलेल्या मुलांसही खुला असावा, फी असू नये. जे प्राचार्य असा वर्ग सुरू करतील त्यांनी आम्हांस एक पोस्टकार्ड टाकावे. वर्गाची वेळ, जागा आणि शिक्षकांची नावे आम्ही दर आठवड्यास विनामूल्य छापू. सभेतल्या त्या वक्त्यांस इंग्रजी उत्तम येते, हे आम्ही स्वतः ऐकले आहे. पहिल्या वर्गाचे आमंत्रण आम्ही त्यांस आजच्या टपालाने धाडीत आहो.